मोजणारा हात कुणाचा?

सीईटीचा निकाल लागून कॅपच्या फेऱ्या सुरू झाल्या, की बारामती-इंदापूर भागातील समाजबांधव आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. पोराला कॉम्प्युटर मिळत नाही, सिव्हिल मिळते आहे, घ्यावे काय? विचारण्याची तऱ्हा अशी, की पंगत उठल्यावर भांड्याच्या तळाशी जे उरले ते आमच्या पोराच्या वाट्याला आले. कॉम्प्युटर, आयटी आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या मागे सारा महाराष्ट्र धावतो आहे. सिव्हिल, मेकॅनिकल या जुन्या शाखा मागे पडल्या. गुणवत्ता यादीत खाली असलेल्या मुलाला सिव्हिल सहज मिळते, आणि सहज मिळाले म्हणून ते हलके, असा समज होतो. हा समज आम्हाला मान्य नाही. बारामती-इंदापूरच्या मातीत तर मुळीच मान्य नाही. का, ते आज जरा विस्ताराने मांडायचे आहे.

जमीन महसुलाच्या इतिहासात इंदापूर तालुक्याचे नाव ठळक अक्षरांत आहे, हे खुद्द इंदापूरच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी पुणे जिल्ह्याची मोजणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून करवून घेतली. ती फसली. मापे चुकली, जमिनीची प्रत ठरविताना हाताखालच्या नोकरांनी हात ओले करून घेतले आणि आकारणी अशी बसली, की शेतकरी जमिनी टाकून गेले. मग १८३५ साली गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करातला इंजिनिअर, या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणीला हात घातला. १८३६ साली तेथे ३० वर्षांसाठी नवे दर लागू झाले. इंदापूरचा हाच नमुना पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेला. आपल्या सातबाऱ्याची मुळे शोधत गेलो तर इंदापूरच्या शिवारात जाऊन पोहोचतो. मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापुरात फेरआकारणी झाली आणि सारा भरमसाट वाढला. अमेरिकेतील यादवी संपून कापसाचा भाव आधीच कोसळला होता. शेतकरी सावकाराच्या दारात गेला आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात त्याने सावकारांची खतपत्रे जाळली. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. साखळी कोणी कशी ओढली, यावर माणसे देशोधडीला लागतात, याचा पुरावा आमच्या दोन तालुक्यांएवढा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

या मोजणीत आमचे पूर्वज कुठे होते? होते. गावाची शीव राखणे आणि शिवेच्या तंट्यात साक्ष देणे हे महाराचे वतनी काम. शीव कोणत्या ओढ्यावरून कोणत्या दगडाकडे जाते हे त्याला जितके ठाऊक, तितके पाटलालाही नसे. शीव दाखवणारा आमचा, मोजणारा साहेब आणि कागदावर लिहिणारा कुलकर्णी, अशी ती विभागणी होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले ते या वेठबिगारीवर घाव घालण्यासाठी. वतने प्रत्यक्षात गेली १९५८ च्या कायद्याने. जमिनी पुन्हा नावावर झाल्या खऱ्या, पण शर्तीच्या झाल्या, आणि कित्येक ठिकाणी कागदावर आमच्या व कसणुकीत दुसऱ्याच्या राहिल्या.

वकिलीच्या धंद्यात आम्ही पाहतो, की वतनाच्या जमिनीचा दावा कायद्याच्या कलमावर जितका हरला जातो त्याहून अधिक नकाशावर हरला जातो. हद्दीच्या वादात दिवाणी न्यायालय कोर्ट कमिशनर नेमते. तो मोजणी करून नकाशा देतो आणि मग वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंचे वकील त्या नकाशाभोवती फिरत राहतात. मोजणीच्या दिवशी शेजारच्या बागायतदाराच्या बाजूने दहा माणसे, दोन जीपगाड्या आणि एक खासगी सर्व्हेअर बांधावर हजर असतो. आमच्या अशिलाच्या बाजूने त्याची म्हातारी आई उभी असते. मोजणी कोणत्या खुणेपासून धरली, जुना दगड खरा मानला की नवा, हे विचारणारा आमच्या बाजूला कोणी नसतो. पंचनाम्यावर अंगठा उठतो. निकाल तिथेच निम्मा लागलेला असतो, आम्ही काळा कोट घालून उरलेल्या निम्म्यासाठी भांडतो.

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला 'सर्व्हेइंग' नावाचा विषय असतो. लेव्हल लावणे, कोन मोजणे, टोटल स्टेशन चालवणे, समपातळीच्या रेषा काढणे. कॉलेजच्या मैदानावर उन्हात गटागटाने उभे राहून मुले हे शिकतात आणि बहुतेकांना तो कंटाळवाणा विषय वाटतो. आमच्या मुलांनी तो कंटाळा करू नये. आता गावठाणांची ड्रोनने मोजणी होते आहे. तिचा पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरीत झाला आणि २०२० पासून 'स्वामित्व' या नावाने ती देशभर गेली. घराघराला मिळकत पत्रिका मिळणार, ही चांगली गोष्ट. पण आमची कित्येक घरे गावठाणाच्या रेषेला लागून, थोडी आत थोडी बाहेर, अशी पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. रेषा चार हात अलीकडे पडली तर घरमालक, पलीकडे पडली तर अतिक्रमणवाला. ती पडताना वाचता येणारे डोळे वस्तीत किती आहेत?

पाण्याचेही असेच. भाटघरच्या पाण्यावर नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि दुष्काळी बारामतीचा एक पट्टा उसाचा झाला. बाहेरच्या माणसाला बारामती म्हटले की तेवढाच हिरवा पट्टा दिसतो. सुपे-मोरगावकडचा जिरायत भाग दिसत नाही, जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या आवर्तनाची वाट पाहणारी गावे दिसत नाहीत. कालवा जसा इंदापूरकडे सरकतो तसा बारीक होत जातो आणि शेपटाकडच्या गावांना पाण्यासाठी रस्त्यावर यावे लागते. 'हेड' आणि 'टेल' हे दोन इंग्रजी शब्द इंदापूरच्या अंगठेबहाद्दर शेतकऱ्यालाही पाठ आहेत. कालव्याला उतार किती, चारीचे तोंड किती रुंद, गळती किती धरायची, हे आकडे कोणी तरी टेबलाशी बसून लिहितो. त्या टेबलापर्यंत मोर्चा पोहोचतो तोवर आवर्तन संपलेले असते.

याच नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत बसविणारे विश्वेश्वरय्या. त्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, कॉलेजांतून अभियंता दिन साजरा होतो. त्यांच्या बुद्धीबद्दल आमचा वाद नाही. पण मैसूरचे दिवाण असताना मागास जातींना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर महाराजांशी न पटून हे गृहस्थ पायउतार झाले, हे त्या दिवशीच्या भाषणात आम्ही कधी ऐकले नाही. असो.

उजनीचीही आठवण द्यायला हवी. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. भिंत माढा तालुक्यात, साठा सुमारे ११७ टीएमसी, आणि फुगवट्याच्या पाण्याखाली इंदापूरचीही गावे गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले, की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो झळकतात. गावाबरोबर गावकुसाबाहेरची वस्तीही बुडाली होती, तिचा फोटो येत नाही. जमीन गेलेल्याला जमिनीच्या बदल्यात जमीन मागता येते. ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता, जो दुसऱ्याच्या शेतात राबून पोट भरत होता, त्याचे काय बुडाले हे मोजायला पट्टीच नव्हती. पुनर्वसनाचा आराखडा आखणारा माणूस गावकुसाबाहेरून आलेला असता तर निदान तो प्रश्न त्याच्या टिपणात आला असता.

अभियांत्रिकी हा आपला प्रांत नव्हे असे ज्यांना वाटते त्यांनी चळवळीचा इतिहास पुन्हा उघडावा. महात्मा फुले हे बांधकामाचे ठेकेदार होते. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये ते पाटबंधारे खात्याच्या कारभाराचे वाभाडे काढतात, ते ऐकीव माहितीवर नव्हे. मजूर, मुकादम, ओव्हरसियर आणि साहेब यांच्यामध्ये पैसा कसा झिरपतो हे त्यांनी कामावर उभे राहून पाहिले होते.

आणि बाबासाहेब? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते, एवढे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि कामगार कायद्यांची यादी वाचतो. त्या मजूर खात्याकडे पाटबंधारे आणि वीजही होती, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातेही होते. दामोदर खोऱ्याची योजना, महानदीवरील धरणाची चर्चा, नद्यांचे पाणी खोऱ्याच्या हिशेबाने वापरण्याचा विचार, हे त्या टेबलावरून पुढे गेले. आज ज्याला केंद्रीय जल आयोग म्हणतात तो १९४५ साली बाबासाहेबांच्या खात्याखाली स्थापन झाला. देशातले मोठमोठे इंजिनिअर त्यांच्यापुढे नकाशे पसरून बसत होते.

त्याहून महत्त्वाचा कागद वेगळाच आहे. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे एक निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यात दोन गोष्टी आजच्या विषयाला थेट भिडतात. पहिली शिक्षणाची. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, ते त्यांच्या ऐपतीबाहेर आहे आणि म्हणून सरकारने पैसा द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील अशा शिक्षणासाठी दरसाल २ लाख आणि परदेशातील शिक्षणासाठी १ लाख रुपये त्यांनी मागितले. एका बॅरिस्टराने हे लिहावे! आम्ही कायद्याची पदवी घेतलेली माणसे, तरी हे निमूटपणे मान्य करतो. या मागणीतून १९४४ साली शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण जिला 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो ती हीच. आज सिव्हिलला बसलेला मुलगा समाजकल्याणच्या फॉर्मवर सही करतो तेव्हा तो कुणाची मेहेरबानी घेत नसतो, ज्या कामासाठी पैसा मागितला गेला नेमके तेच काम करत असतो. दुसरी गोष्ट ठेक्यांची. तिच्याकडे शेवटी येऊ.

आता प्रत्यक्ष चार वर्षांकडे. पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ साली निघाले ते सरकारी बांधकामांना हाताखालचे लोक मिळावेत म्हणून. सव्वाशे वर्षे ते दार आमच्यासाठी जवळजवळ बंदच होते. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि साखर कारखान्याच्या धुराड्याशेजारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या इमारती उभ्या राहू लागल्या. साखरसम्राटाचा शिक्षणसम्राट कसा झाला हा स्वतंत्र अग्रलेखाचा विषय आहे. पण त्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे कॉलेज २००० साली निघाले, माळेगावला आहे, इंदापूरजवळ वनगळीला आहे. घरची भाकरी खाऊन, एसटीच्या पासावर जाऊन-येऊन इंजिनिअर होण्याची सोय दोन्ही तालुक्यांत झाली. ज्या मुलीला बाप पुण्याला पाठवणार नाही ती बारामतीला जाऊ शकते. हा बदल लहान नाही.

अडचण आत गेल्यावर सुरू होते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला कसेबसे इंग्रजी पुस्तक, आणि पहिल्या वर्षाला एकदम मेकॅनिक्स आणि गणित. मुलाला उत्तर येत असते, वाक्य येत नसते. चार विषय राहतात, मग 'ईयर डाउन' होते, आणि वर्ष गेलेला मुलगा घरी सांगत नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि बारामतीच्या स्टँडवर बसून परत येतो. २०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकीची पदवी देण्याची परवानगी आहे आणि मोजक्या ठिकाणी ती सुरूही झाली. मराठीचा आम्हाला अभिमान आहे, पण ज्या दिवशी टेंडरचा मसुदा आणि मानक संहिता मराठीत निघतील त्या दिवशी आम्ही आमची मुले त्या वर्गात आधी बसवू. तोवर इंग्रजीशी झुंजणे भाग आहे, आणि ही झुंज मुलाने एकट्याने द्यायची नाही. आपल्या विहारांत रविवारी वंदनेनंतर दोन तास रिकामे असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथे गणित शिकवले तर विहाराचे पावित्र्य वाढेलच. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही चांगली आहे. हात आधी कामाला सरावतो आणि पुस्तक नंतर उमगते.

फीचा प्रश्न हा पैशाचा जितका, तितकाच कायद्याचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने इनामदार खटल्यात सांगितले, की विनाअनुदानित खासगी कॉलेजांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. संसदेने त्यावर ९३वी घटनादुरुस्ती करून कलम १५(५) आणले, महाराष्ट्राने २००६ साली आपला कायदा केला, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. खासगी कॉलेजातील आमची १३ टक्क्यांची जागा एवढ्या लढाईनंतर मिळालेली आहे. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, वर असेल तर फ्रीशिप, असा महाराष्ट्रातला हिशेब. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने या शिष्यवृत्तीचा ६० टक्के भार उचलण्याचे ठरविले आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाकण्याची पद्धत आणली. थेट खात्यात म्हणजे भ्रष्टाचाराला आळा, हे ऐकायला गोड. प्रत्यक्षात पैसे येतात परीक्षेच्या नंतर, कधी पुढच्या वर्षी. खाते आधारला जोडलेले नसते. आलेच, तर घरात कुणी दवाखान्यात असते आणि फीचे पैसे औषधात जातात. मग कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवते, नाही तर शेवटी दाखला आणि गुणपत्रिका अडवते.

अशी प्रकरणे आमच्याकडे आली आहेत. कॉलेजचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण पद्धत सगळीकडची आहे. एवढे ध्यानात ठेवावे, की शासनाकडून यायच्या शिष्यवृत्तीसाठी मुलाची मूळ कागदपत्रे ओलीस ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. तोंडी भांडू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना आणि विद्यापीठाला पाठवावी. पोच असलेला कागद पाहिला, की ऑफिसातला आवाज खाली येतो हा आमचा अनुभव आहे.

दुसरा अडसर जात पडताळणीचा. २००० सालच्या कायद्याने जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'महार', वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध', आणि खिडकीवरचा कारकून विचारतो, नक्की काय? १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, महाराष्ट्रात त्या त्याआधीपासून होत्या, तेव्हा या प्रश्नात काही दम नाही. सख्ख्या नात्यात एकाला वैधता मिळालेली असेल तर सबळ कारणाशिवाय दुसऱ्याची अडवता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले आहे. तरीही मुले पावतीवर प्रवेश घेतात, मुदत टळते आणि राखीव जागा हातची जाते. अकरावी विज्ञानला प्रवेश घेतला त्याच वर्षी अर्ज टाकावा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नये.

मुदतीची किंमत काय असते ते दोन खटल्यांतून दिसले. २०२१ साली आयआयटी मुंबईत एका दलित विद्यार्थ्याला नेमकी सिव्हिल इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती. कार्डाच्या तांत्रिक बिघाडाने वेळेत फी भरली गेली नाही आणि जागा गेली. २०२४ साली मुझफ्फरनगरच्या एका मजुराच्या मुलाची धनबादच्या आयआयटीतील जागा १७ हजार ५०० रुपये काही मिनिटे उशिरा जमल्याने गेली. दोघेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा न्यायालयाने कलम १४२ खालील आपला विशेष अधिकार वापरून जागा परत दिली. निकालांचा आनंद आहेच. पण दिल्लीपर्यंत पोहोचलेले हे दोन. लासुर्णे, निमगाव केतकी किंवा मोरगावच्या वस्तीवरचा मुलगा बारामतीच्या कोर्टापर्यंतही येत नाही, तो सरळ एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागतो. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा बाजूला ठेवला, तरी प्रत्येक गावात अशा वेळी लागणारी दहा-वीस हजारांची उसनवार घरातच होऊ शकते. मिरवणुकीतला डीजे एका तासाला जेवढे घेतो तेवढ्यात एका मुलाची जागा वाचते, हे आम्ही आधीही लिहिले आहे आणि आमच्यावर रागावणाऱ्यांनी रागवावे.

पदवी मिळाली, पुढे काय? पुण्या-चाकणच्या बांधकामावर साइट इंजिनिअर म्हणून हातात पडणारा पहिला पगार आणि त्याच साइटवरच्या चांगल्या गवंड्याची रोजंदारी यांची तुलना न केलेली बरी. सरकारी नोकरीत कनिष्ठ अभियंत्याच्या जाहिराती थांबत थांबत निघतात. आत गेलेल्याला पदोन्नतीत अडवले जाते. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीतील राखीव पदे सेवाज्येष्ठतेने भरायला काढली, हे अभियंता वर्ग विसरलेला नाही. तरीही कनिष्ठ अभियंत्याची ती खुर्ची आम्हाला महत्त्वाची वाटते, कारण आमच्या वस्तीतल्या कामाचे अंदाजपत्रक तिथेच तयार होते आणि मोजमाप पुस्तकावर तिथेच सही होते.

दलित वस्ती सुधार योजना १९७४ पासून चालू आहे. पुढे नाव बदलले, काम तेच. रस्ता, गटार, समाजमंदिर. आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. इंदापूर तालुक्यातील एका वस्तीत सिमेंटचा रस्ता झाला आणि बाजूने गटार झाले. पहिल्याच पावसात गटाराचे पाणी घरांत शिरले. लोकांनी ठेकेदाराला शिव्या दिल्या, सरपंचाला शिव्या दिल्या, विषय संपला. त्याच वस्तीतला एक मुलगा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने कॉलेजातून लेव्हल मागून आणली, मित्राला स्टाफ धरायला लावली आणि वहीत आकडे मांडले. गटाराचा उतार ओढ्याकडे नव्हता, वस्तीकडे होता. माहितीच्या अधिकारात त्याने मोजमाप पुस्तकाची प्रत काढली. पुस्तकात उतार बरोबर लिहिलेला. जाडीही लिहिलेली, ती प्रत्यक्षात दोन इंच कमी. या दोन कागदांपुढे उपअभियंत्याला उत्तर देता आले नाही आणि गटार उकरून पुन्हा बांधावे लागले. मोर्चा निघाला नाही, घोषणा झाल्या नाहीत. आम्ही मोर्चेवालीच माणसे, मोर्च्याला कमी लेखत नाही. पण मोर्चा गटाराचा उतार सांगू शकत नाही.

राहिली ठेक्यांची गोष्ट. १९४२ च्या त्याच निवेदनात बाबासाहेबांनी केंद्रीय बांधकाम खात्याच्या ठेकेदारांची यादी मांडली होती. हजाराहून अधिक नावांत अस्पृश्य ठेकेदार अवघा एक होता. त्यांनी सरकारी कामांच्या ठेक्यांतही वाटा मागितला. शिष्यवृत्तीची मागणी मान्य झाली, ठेक्यांची मागणी तशीच राहिली. महाराष्ट्रात लहान कामे मजूर संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार अशा तीन हिश्शांत वाटण्याची पद्धत आहे. बेरोजगार अभियंत्याच्या हिश्शात आमच्या मुलांनी नोंदणी करून उतरलेच पाहिजे. पण तिथे जातीनिहाय वाटा नाही, आणि नोंदणी एकाची, यंत्रे दुसऱ्याची, नफा तिसऱ्याचा, हा प्रकार तालुक्यात कुणाला माहीत नाही असे नाही.

शेजारच्या कर्नाटकाने हे प्रकरण कायद्याने हाताळले. तेथील सार्वजनिक खरेदीच्या कायद्यात दुरुस्ती करून २०१७ साली ५० लाखांपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जातींसाठी १७.१५ टक्के आणि जमातींसाठी ६.९५ टक्के कामे राखून ठेवण्यात आली. पुढे ती मर्यादा एक कोटीपर्यंत वाढविली. हा काही क्रांतिकारी कायदा नव्हे. नीट चालतो की नाही यावर तिथेही भांडणे आहेत. परंतु सिव्हिलची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला तो सांगतो, की तालुक्यातला रस्ता तू बांधू शकतोस. महाराष्ट्रात फुल्यांचे आणि बाबासाहेबांचे नाव घेतल्याशिवाय एकाही पक्षाचे भाषण सुरू होत नाही, आणि असा कायदा मात्र विधिमंडळात आला नाही.

त्या दुरुस्तीच्या धर्तीवर महाराष्ट्रासाठी एक मसुदा आम्ही काही वकील मित्रांनी तयार करायला घेतला आहे. तो बारामती आणि इंदापूरच्या लोकप्रतिनिधींना लेखी दिला जाईल, आणि तो अशासकीय विधेयक म्हणून मांडायला त्यांची कोणती अडचण आहे, तेही लेखीच विचारले जाईल. दोन्ही तालुक्यांतील सिव्हिलच्या मुलांनी, डिप्लोमावाल्यांनीही, मसुद्यातील दर आणि मर्यादांचे आकडे तपासून द्यावेत. कलमे आम्ही लिहू.